हातचा

पहाटे साडेपाच. चन्थाच्या डोनटच्या दुकानात
आधी दिवे लागतात की आमची भांडणं,
ते या गावात अजून कुणाला ठरवता आलेलं नाही.

पहिल्या सामन्याला अकरा दिवस.
थर्मन पिकेटने नॅपकिनवर तीन रेघा ओढल्यात:
डावी कड, उजवी कड, आणि मधली ती फट
जिच्यातून गेल्या वर्षी आमचा जमारियन निसटायचा
बचाववाल्यांच्या हातावर तुरी देऊन.
जमारियन आता मोठ्या कॉलेजात. पैसे जास्त,
आणि ओक्लाहोमापासून तीन राज्यं लांब.
त्याच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय.
आम्ही त्याच्याबद्दलच बोलतो.

"पहिले तिघे चांगले आहेत," थर्मन म्हणतो.
"पहिले तिघे सगळ्यांचेच चांगले असतात," रॉय डेल.
"मला चौथा सांग. पाचवा सांग.
ऑक्टोबरात, चिखलात, एकाचा गुडघा गेला की
रिसीव्हर म्हणून कोण धावणार, तुझी बायको?"
"तुझ्या पुतण्यापेक्षा तिचे हात बरे."
पुतण्याने एक झेल सोडला होता, शहाण्णव साली.
या टेबलावर तो चेंडू अजून खाली पडतोच आहे.

लुपे अर्रेडोंडो गॅसचा ट्रक बाहेर चालू ठेवून आलाय.
म्हणतो, टेक्सासचं ते नवं पोर बघा,
काय पळतं!
"पळतो ससाही," रॉय डेल म्हणतो. "ब्लॉक करतो का?"

मी तिसरीला एकतीस वर्षं गणित शिकवलं,
यांच्या मुलांना, मग त्या मुलांच्या मुलांना.
रूट आणि कव्हरेज मला फारसं कळत नाही.
हातच्याची वजाबाकी कळते.
वरचा आकडा कमी पडला
की शेजारच्या घरातून दहा उसने आणायचे.
शेजारी शून्य असेल तर
त्याच्याही पलीकडचं दार वाजवायचं.
एवढ्यासाठीच तर हे घसा कोरडा करतात:
आपल्या शेजारी शून्य आहे,
की काही आहे?

शेवटी चौथ्या जागेवर एकमत झालं, अख्ख्या उन्हाळ्यातलं पहिलं.
कोल्बी ट्रॅमेल. आपल्या गावचा, शिष्यवृत्ती नसलेला.
वेग बेताचा, पण हातात आलेलं सोडत नाही.
थर्मनने नाव लिहिलं. खाली रेघ मारली, दोनदा.

आणि दाराची घंटी वाजली.

"गुड मॉर्निंग, मिसेस हॅस्किन्स," टोपी काढून,
अजून तिसरीतल्यासारखं.
टेबल गप्प. थर्मनने नॅपकिनवर कप ठेवला.
कोल्बीला दोन डझन हवे होते, होस्टेलच्या पोरांसाठी.
पैसे त्याने डाव्या हाताने दिले.
उजवा स्वेटशर्टच्या खिशात. ऑगस्टात, स्वेटशर्ट.
पण खोकी उचलायला दोन हात लागतात.

करंगळी आणि अनामिका
एकाच पांढऱ्या पट्टीत बांधलेल्या,
मधे पत्र्याची फळी.

त्याने आमच्याकडे पाहिलं.
आम्ही काचेतल्या मेपल डोनटकडे पाहिलं.
चन्थाने झाकण लावता लावता
चार छोटे गोळे जास्तीचे टाकले, न मोजता.

हाच मुलगा बाकाखाली बोटं मोजायचा.
मी म्हणायचे, बोटांवर नको, कोल्बी,
हातचा मनात धर.
तो मान हलवायचा, आणि पुन्हा
बाकाखाली.

दार मिटलं.
कालची बातमी आज अख्ख्या काउंटीला पोचवणारा रॉय डेल
बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिला. त्याची कॉफी बिनसाखरेची.
मग म्हणाला, "पाऊस पडायला हवा."
"हवा," लुपे म्हणाला.

थर्मनने कप उचलला. चौथ्या नावाभोवती
तपकिरी गोल उमटला होता.
खोडलं कुणीच नाही.
त्या गोलाला वळसा घालून त्याचं पेन खाली सरकलं,
पाचव्या ओळीवर, टेक्सासच्या सशापाशी.

"ब्लॉक करायला शिकवता येतं,"
रॉय डेल म्हणाला, नेहमीपेक्षा हळू.
"अकरा दिवस आहेत."