आर्थिक प्रकृती

मिटिंग स्क्रीनवर झाली.
मोठ्या साहेबांच्या मागे पुस्तकांचं कपाट,
आणि घरात कुठेतरी भुंकणारं कुत्रं.
ते म्हणाले, यंदाच्या तिन्ही स्पर्धा रद्द,
प्रायोजकांनी हात आखडता घेतलाय,
पण संस्थेची आर्थिक प्रकृती
अमुक अमुक आहे.
इंग्रजी शब्दाचं मी मनातल्या मनात मराठी केलं,
ठणठणीत.
मग आठवलं, आमच्याकडे
ठणठणगोपाळही असतो.

यादी मलाच करायला लावली.
पगारपत्रक माझ्याकडे, म्हणून.
एकतीस नावं.
कॅडीमास्टर बोनिफासियो,
बॉल वेचणारा टेकबहादूर आणि त्याचा मेहुणा,
बंकरची वाळू रोज पहाटे विंचरणारा सोमपाल,
आणि पाण्याकडचा इस्माईल परकार, मुक्काम दाभोळ, खाडीकाठ.
नावापुढे वर्षं,
वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार,
पाच वर्षांनंतर तीस.
परकारची चौदा भरली होती.
बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती.
बरोबर असल्याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

या खेळातही कट असतो.
दोन फेऱ्या झाल्या की रेघ मारतात,
रेघेखालचे बॅगा डिकीत टाकून निघून जातात.
पण ती रेघ दिवसभर फळ्यावर
वरखाली होताना दिसते.
खेळाडू चालता चालता मान वळवतो,
अजून एक फटका वाचवायचा, हे त्याला कळतं.
टेकबहादूरला कोणी फळा दाखवला नाही.
त्याला सकाळी गेटवर
कपाळाला ते पिस्तूल लावून सांगितलं, छत्तीस पॉइंट सहा, आत जा,
आणि दुपारी पत्र दिलं.

गवताला मात्र काढता येत नाही.
रास अल खैमाच्या उन्हात दोन दिवस पाणी तुटलं
तर ग्रीन वाळूत जमा.
पुन्हा उभं करायचं तर किती लाख दिरहम,
तो आकडा माझ्याच फाइलीत आहे.
वहीत गवत मालमत्तेच्या बाजूला.
अकराशे चाळीस फवारे, प्रत्येकाला नंबर,
कापणी यंत्राचा घसारा सात वर्षं.
परकार खर्चाच्या बाजूला.
हिशेबशास्त्र मी शिकलोय, नियम चूक नाही.

रमझान होता.
विमान मिळेपर्यंत तो लेबर कॅम्पवर
जाळीच्या पलीकडे दोन मीटरवर उभा राहून बोलायचा.
मला म्हणाला, तुझा अर्धा पगार तरी चालू आहे ना,
मग रडतोस काय भाड्या.
मी रडत नव्हतो. मास्कमध्ये चष्म्यावर वाफ येते.

जूनमध्ये त्याचा फोन आला.
गावच्या मराठी शाळेत ठेवलं होतं, चौथीच्या वर्गात,
फळ्यावर मार्चची तारीख अजून तशीच.
बायको खिडकीशी डबा ठेवून मागे सरते, म्हणाला.
मला वाटलं, ग्रॅच्युइटीचं विचारेल.
त्याने विचारलं,
बाराव्या ग्रीनच्या डाव्या कडेला पाणी पोचतं का?
तिथला फवारा अडखळतो.
त्याला हाताने एक हलका टिचका द्यावा लागतो,
मशीनला ते ठाऊक नाही.

रात्री गेलो.
झेंडे काढून ठेवलेले, पलीकडे हॉटेल काळोखात,
एका मजल्यावर दिवे, तिथे विलगीकरण.
नऊ चाळीसला फवारे आपोआप उठले,
ती वेळ त्यानेच लावलेली, अजून कोणी बदलली नव्हती.
बाराव्याच्या डाव्या कडेला
पत्रावळीएवढा पिवळा डाग.
फवारा क्रमांक सातशे तीन
मान अर्धी वळवून थांबलेला.

मी वाकून टिचका दिला.
थोडा जोरातच बसला असावा.
पाणी आधी माझ्या तोंडावर, मग गवतावर.

फोन केला तर उचलला नाही.
तिकडे रात्रीचे साडेअकरा, वर्गात सगळे झोपले असतील.
म्हणून मेसेज टाकला:
पोचतं.
मग खाली आणखी एक ओळ लिहिली, खोडली,
पुन्हा लिहिली:
तुझी प्रकृती कशी आहे?