येणे बाकी

मंडळाची वही माझ्याकडे आली
ती परशराम हुंदऱ्यांच्या किराणा दुकानातली,
लाल कापडी, कोपऱ्यांना गोड्या तेलाचे डाग.
डावीकडे छापील शब्द : येणे.
उजवीकडे : देणे.
दुकान विकलं, कोऱ्या वह्या उरल्या,
तेव्हा गिऱ्हाइकांच्या जागी ते प्रेक्षक लिहू लागले.

मी नुकताच बी.कॉम. होऊन शहापुरात परतलेलो.
विचारलं, येणे म्हणजे वर्गणी ना, काका?
तपकिरीची बोटं धोतराला पुसत म्हणाले,
"येणे म्हंजे येणे की रे.
आला, का नाही आला. तेवढंच लिव्हायचं बघ."

पान सतरा. नीलव्वा हुक्केरी, वडगाव.
मराठी येत नाही. एकही प्रयोग चुकलेला नाही.
पंख्याखाली नको, खांदा धरतो.
रडायच्या जागी रडते, पण सगळ्यांच्या किंचित आधी.
(कसं कळतं, एकदा विचारणे.)

पान वीस. दस्तगीर मकानदार, मागावर दुसरी पाळी.
साडेनऊला सुटतो, हातपाय धुऊन येतो.
देणे : पडदा पावणेदहाला.

पान एकतीस. मंगल पाटणेकर.
मालक गेले त्या सालीही दोन तिकिटं घेतली,
शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली.
पिशवी कुणी उचलायला सांगू नये.

मी हसलो. ही काय वही झाली?
मी कार्डं छापली, निळी, सोनेरी कडेची.
तीन नाटकांवर चौथं फुकट.
सोडतीत स्टीलचा पाच पुडांचा डबा.
पहिल्या प्रयोगाला माणूस दारात मावेना.
डबा टिळकवाडीच्या एका गृहस्थांना लागला,
ते मध्यंतरात डब्यासकट गेले.
आणि हॉलवाल्याचं भाडं तासावर,
म्हणून पडदा साडेनऊच्या ठोक्याला.

दस्तगीर अंधारात आला, केसांत सुताचा भुसा,
मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला.
पुढच्या खेपेला आला नाही. त्याच्या पुढच्याही.
गर्दीत कुणाला कळणार?
वहीला तेवढं कळलं : पान वीस, डावीकडे
सलग सात रिकाम्या ओळी.

मग तो बंद.
पाट्यांना काळं फासलेलं, बशी डेपोत,
आमचा नायक कोगनोळी नाक्याच्या पलीकडे अडकलेला,
फोनवर सारखा म्हणत होता, सोडत नाहीत ओ, सोडत नाहीत.
मी हॉलला कुलूप लावत होतो तर
बोळाबोळांतून चालत नीलव्वा.
"नाटक ऐतेन्री?"
नाही म्हटलं. मान हलवली तिनं.
घाम पुसत पायरीवरच बसली,
मीही बसलो. करायचं काय होतं?
माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं ते, पान सतरावरचं.
म्हणाली, शब्द मला कुठं कळतात,
मी त्या बाईचा श्वास बघते.
ती आधी श्वास घेते, मग तुम्हाला ऐकू येतं.

जाताना तिकिटाचे पैसे पायरीवर ठेवून गेली.
मी हाका मारल्या. वळली नाही.
त्या रात्री लिहिलं, येणे : आली.
देणे : एक नाटक.
पुढं तिनं कितीतरी पाहिली,
पण ते एक खोडायला माझा हात होत नाही.

दुसऱ्या दिवशी मकानदारांच्या गल्लीत गेलो.
सोळा माग एकदम चाललेले,
माफी मागितली ती मलाच ऐकू आली नाही.
दस्तगीर तुटलेला धागा सांधत होता.
मी मनगटावर बोट ठेवून विचारलं : किती वाजता?
त्यानं गाठ पुरी केली, दातानं शेपूट तोडलं,
मग दोन्ही हात वर केले :
नऊ बोटं ताठ,
दहावं अर्ध्याहून जरा जास्त उघडलेलं.