गुरुवार, दहा वाजता

ग्रंथालयाच्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली,
हरवलेलं मांजर आणि पियानोच्या शिकवण्या
यांच्या मधल्या फटीत:
‘चालायला येणार का? गुरुवारी दहाला, घड्याळाखाली.
वेग बेताचा. गप्पा ऐच्छिक.’
खाली नाव घातलं, मायरिग प्रॉसर,
आणि पेन अडलं.
चाळीस वर्षं नावापुढे ते आपोआप लिहायचं:
पोस्टमन.

पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही.
घड्याळाखाली मी आणि एक सीगल,
त्याचाही डोळा माझ्या सँडविचवर.
दहा वीसला मी निघालो,
बंदरापर्यंत अख्खी फेरी मारली.
म्हटलं, गट निघाला एवढं तरी होऊ दे.

दुसऱ्या गुरुवारी एलिनेड आली,
पायात माळीकामाचे बूट.
‘किती जण आहेत?’
‘तुम्हाला धरून?’
‘धरा.’
‘मग दोन.’

मी तिला चेहऱ्यावरून नाही, दारावरून ओळखलं.
चौदा नंबर, हिरवं दार,
पत्राच्या फटीची स्प्रिंग अशी कडक
की बोटं चावायची.
‘ह्यांनी बसवली होती,’ ती म्हणाली,
‘वारा आत येऊ नये म्हणून.’
मग कुंपण संपेपर्यंत गप्प.
‘आता हे नाहीत, पत्रंही नाहीत.
वारा येतो.’

चाळीस वर्षं या गावात चाललो
आणि कधी कुणाबरोबर चाललो नाही.
दारं पाठ होती, कुत्री पाठ होती.
माणूस म्हणजे
फटीपलीकडून पाकीट ओढून घेणारा हात.

उन्हाळ्यापर्यंत आम्ही अकरा झालो.
हेविन, जन्म खाणीत गेलेला,
अजून ऊन जपून वापरतो.
डेलिथ, शाळेच्या स्वयंपाकघरातली,
फाटकापाशी आम्हाला मोजते,
ईन, दाय, त्री,
आणि एक कमी भरला
की वेल्शमधूनच ओरडते.
बँकेतले ग्रिफिथ्स पहिल्याच दिवशी म्हणाले,
गटाला नियमावली हवी, खजिनदार हवा.
खजिना बिस्किटाच्या डब्यात होता:
तीन पौंड आणि कुणाचं तरी बटण.

भांडण झालं ते वेगावरून.
पुढचे टेकडीवर पोचून थर्मास उघडत,
मागचे पोचेस्तोवर झाकण लावून उठत.
म्हणजे चहा त्यांनाच,
जे दमलेच नव्हते.

एका गुरुवारी एलिनेड अर्ध्या चढावरच्या बाकावर बसली
ती उठलीच नाही.
‘माझी टेकडी इथवर,’ म्हणाली.
डेलिथ तिला मोजायला मागे आली, शेजारी बसली.
हेविनला तर निमित्तच हवं होतं.
दुसरा गट असा निघाला, चिठ्ठीशिवाय.
या बाकावरून त्या बाकावर.
अंतर सहाशे पावलं, वेळ दोन तास.
ती विणतात, पक्ष्यांची नावं चुकीची सांगतात,
आणि ती सगळी
वहीत तारीखवार उतरवून ठेवतात.

आम्ही वरून त्यांना हात करायचो,
जरा जास्तच उत्साहाने.

या मार्चमध्ये माझा गुडघा बोलायला लागला.
डॉक्टरीण म्हणाली, सपाटीवर कितीही,
चढ विसरा.
ग्रिफिथ्सच्या नियमावलीत मी ‘संस्थापक’ आहे,
ठळक टायपात.

आज घड्याळाखाली तेरा जण होते.
मी सगळ्यांना वाटेला लावलं,
बुटाची नाडी बांधायला वाकलो,
बांधलेलीच होती ती,
आणि त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर
हळूच निघालो, बाकापर्यंत.

एलिनेडने लोकरीची पिशवी उचलून मांडीवर घेतली.
कुणी काही विचारलं नाही.
हेविनने घड्याळ पाहिलं, वही उघडली,
आणि मला दिसेल अशा बेताने लिहिलं:

‘दहा चाळीस. एकच. मोठा, करड्या रंगाचा,
डावा पाय ओढत आला.
बहुधा करकोचा.’