सिमोहोवेलचा खेकडा

बोगदा कमरेएवढाच उंच.
शालिक रांगत आत जातो, हातात छिन्नी,
टोपीत खोचलेला मेणबत्तीचा तुकडा,
आणि कोळशाचा काळा पट्टा लागला की थांबतो.
त्याचा बाप सांगायचा, काळ्याला लागूनच पिवळं असतं,
घाई करणाऱ्याच्या हाती नुसता चुरा.

आज निघालं ते सुपारीएवढं.
बाहेर येऊन त्यानं थुंकी लावून पुसलं,
उन्हात धरलं.
गढूळ. आत कुणीतरी पाय दुमडून बसलेलं.

एवेलियो दलालानं भिंग लावलं, तोंड वाकडं केलं.
“विंचू असता तर बोललो असतो.
हा काय, साधा कोळी.”
“कोळ्याला आठ पाय,” शालिकची लोशा म्हणाली, वय वर्षं नऊ,
“मी दहा मोजले. पुढचे दोन चिमट्यासारखे.”

मी तिथेच होते, पॉलिशच्या चाकापाशी,
आणि मला उगाच हसू आलं,
कारण माझ्या भाषेत कोळी जाळं विणतो
आणि कोळीच जाळं टाकतो पाण्यात.
दलाल चुकला होता,
पण अगदी थोडक्यात.

पाणी सोडत सोडत दगडाला खिडकी पाडली.
खेकडा. करंगळीच्या नखाएवढा.
इथून समुद्र म्हणजे अख्ख्या दिवसाचा रस्ता,
तीन घाट, दोन ठिकाणी गाडी बदलायची.

झाड मात्र अजून तेच आहे म्हणतात, त्याच कुळातलं.
शाळेमागे उभं आहे. ग्वापिनोल.
पोरं त्याच्या शेंगा दगडानं फोडतात,
आतलं पीठ खातात, मळक्या मोज्यांसारखा वास,
चव गोड.
त्याच्या सालीला भुंग्यानं भोक पाडलं की अजूनही चीक येतो.
सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीही असाच आला असेल,
सावकाश, कुणाला धरायचं हे न ठरवता.

म्हणून रानातले थोर लोक यात नाहीत.
मोठी जनावरं, त्यांच्या डरकाळ्या, उंच फांद्यांवरची भांडणं,
सगळं गेलं.
राहिली ती किरकोळ मंडळी.
काल एका खड्यात बिनडंखाची मधमाशी पाहिली,
मागच्या पायांवर डिंकाचे दोन गोळे:
घर लिंपायला निघाली होती,
स्वतःच लिंपली गेली.
दुसऱ्यात एक पान, कडेला चावा घेतलेलं.
खाणारा सुटला.

आणि आता हा, खोडावर चढलेला,
बहुतेक भरतीला कंटाळून.
म्हणजे या डोंगराच्या जागी चिखल होता,
मुळं पाण्यात, पाणी मचूळ,
ओहोटीला चिखल वाजत असेल बुडबुड्यांनी.
मी हे सांगत होते तेव्हा
शालिक तान्ह्याच्या मनगटाकडे बघत होता.
तिथे दृष्टीसाठी बांधलेला एक मणी आहे,
त्यात काहीच नाही, म्हणून तो विकला गेला नव्हता.

“भरती कुठवर यायची?” लोशानं विचारलं.
मला माहीत नव्हतं.
मी हात केला मोघम, चर्चच्या पायऱ्यांकडे.

तिनं खडा उचलला, जिभेला लावला,
डोळे मिटून थांबली जरा.
“खारट आहे.”

शालिकनं तळहात पँटला पुसले.
काही बोलला नाही.