एका उड्डाणाचा खर्च

दूध सोसायटीत सव्वीस वर्षं हिशोब लिहिला,
म्हणून बाप-लेकीचं भांडण माझ्याच वहीत आलं.
पानाच्या मधोमध रेघ ओढली.
उजवीकडे ‘वृंदा’.
डावीकडे नुसतं ‘ओ.’,
नवऱ्याचं पुरं नाव अजून हातून उतरत नाही.

ओ. उद्यमबागेत लाकडी पॅटर्न करायचे.
अंगठ्याएवढं इंजिन त्यांचं, चार भाग मिथेनॉल, एक भाग एरंडेल,
घरी मिसळलं तर लिटरला चारशे वीस.
एका उड्डाणाला पाव लिटर: एकशे पाच.
ग्लो प्लग साडेचारशेचा, तीस वेळा चालतो: पंधरा.
बेरीज एकशे वीस.
एरंडेलाचा वास लागलेला शर्ट: साबण,
आणि माझा हात.
हाताचा दर ठरला नाही, तिथं जागा सोडली.

वृंदाची बॅटरी एकदा भरायला वीस पैसे.
बिल मीच तपासलं,
अक्षरं कानडी, आकडे सगळ्यांचे.
“वीस पैसे!” ती स्वयंपाकघरात नाचली.
थांब म्हटलं.
हे म्हैस फुकट दूध देते म्हटल्यासारखं झालं.
पेंड लिव्ह, म्हशीची किंमत लिव्ह.
अडीच हजाराची बॅटरी,
दीडशे वेळा भरली की पोट फुगतं तिचं.
सोळा सदुसष्ट. वर वीस पैसे.
सोळा रुपये सत्त्याऐंशी पैसे.
तरी ती जिंकलीच की.

ओ. काही बोलले नाहीत.
टाकी पुसत बसले.

रविवारी येळ्ळूरच्या शिवारात गेलो,
सांबऱ्याकडं विमानतळ, तिथं उडवायची सोय नाही.
भात कापलेलं, धसकटं चपलेला टोचत होती.
वृंदाचं विमान उठलं, शिलाईच्या मशीनसारखं गुणगुणत,
आठ मिनिटांत खाली.
तीन बॅटऱ्या, तीन वेळा.
मग ती बांधावर बसली.
शिवारात प्लग कुठला?
ओ. कॅनमधून ओतत होते आणि उडवत होते,
भर्मा पाटलाची कुत्री घराकडं पळाली.
“रिकामं बसण्याचं काय लावणार?” त्यांनी विचारलं.
“आणि इंजिन एकोणीस वर्षांचं. हिच्या बॅटऱ्या कपाटात बी मरतात.”
मी दोन्ही लिहून घेतलं, पेन्सिलीनं.

सहाव्या खेपेला वर, राजहंसगडाच्या अंगाला,
इंजिन खोकलं आणि बंद पडलं.
टाकी संपली.
इतकं शांत झालं
की पंखाखालून जाणारा वारा ऐकू यायला लागला.
ओ.च्या अंगठ्याखाली काडी थरथरत होती.
वृंदा उठून त्यांच्याजवळ गेली,
“नाक खाली ठेवा बाबा, वेग सोडू नका.”
ते ठेवत गेले.
विमान वळलं, पुन्हा वळलं,
ना थेंब, ना पैसा.
मी वही उघडून बसलेली,
काहीच लिहिलं नाही.

मग ते पलीकडच्या बांधाला आपटलं.

“ओमाण्णा, मिरच्या वाचल्या बघ!” भर्मा ओरडला.
उजवा पंख दोन ठिकाणी.
बाल्साची फळी: एकशे ऐंशी.
निम्मं माझ्याकडं लाव, वृंदा म्हणाली,
मीच तर नाक खाली म्हटलं.
नव्वद, नव्वद.
डिंकाची बाटली मात्र
दोघांनी मिळून माझ्या नावावर टाकली.
तिसरा रकाना नव्हता,
समासात लिहिली.