लाइन क्लिअर

आठ ते आठ-दहा अंधार करायचा, असा हुकूम.
हिरेमठ साहेबांनी फोनवर कानडीत सांगितलं,
मी मराठीत हो म्हटलं.
जांबोटीच्या अलीकडं, गावड्यांच्या शेताला लागून जो डीपी आहे
त्याचं हँडल माझ्या हातात. अठरा वर्षं.

युद्धाची रंगीत तालीम म्हणे.
दुपारी चहाच्या गाड्यावर परसू पाखरे सांगत होता,
"त्यांच्याकडं पण अणुबॉम्ब, आपल्याकडं पण.
म्हणूनच कोण टाकणार नाही. हिशेब सोपा हाय."
आणि बशीतला चहा फुंकत त्यानं बोट दाखवलं
नारू आणि धाकू गावड्यांच्या बांधाकडं.

बांधाच्या दोन्ही अंगांना तारा. तारांत करंट.
नाव गव्याचं. गवा येतो, काजूची रोपं तुडवतो, हे खरं;
पण धाकूनं तार ओढली त्याच आठवड्यात
नारूनं ओढली, एक पदर जास्त.
मग धाकूनं आणखी दोन.
सख्खे भाऊ. अकरा वर्षांत कुणी बांधावर पाऊल टाकलं नाही,
कुणी शिवीसुद्धा दिली नाही.
परसू याला शांतता म्हणतो.

तीनदा मी तारा काढून नेल्या, पंचनामा केला.
चौथ्यांदा दोघं वेगवेगळे आले
आणि एकच बोलले:
आधी त्याची काढा.

पाट्या आहेत. एकीवर कानडी, एकीवर मराठी.
आमच्याकडं पाटीवरून डोकी फुटतात,
कवटी मात्र दोन्हींवर एकाच पेंटरनं काढलेली.
गव्याला ती वाचता येत नाही.
गेल्या माघात पारड्यालाही आली नाही,
नारूच्याच पारड्याला,
नारूच्याच तारेवर.

परसूला मी कल्लाप्पा होनगेकरची गोष्ट सांगितली नाही.
तो खांबावर होता, फीडर नऊ.
पाटीवर कानडी आकडा, गंजानं शेपूट खाल्लेली.
सबस्टेशनात सहा बंद, नऊ चालू.
चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही.
फोन लागला होता, वहीत सही होती,
लाइन क्लिअर म्हणणाऱ्यानं
लाइन क्लिअर असंच म्हटलं होतं.
कल्लाप्पा वाचला. खानापूर स्टँडवर लिंबू सोडा विकतो,
सुटे पैसे तीन बोटांनी मोजतो.

आठ वाजता हँडल ओढलं.
गाव गेलं.
तारांत एक बारीक गुणगुण रोज असते
हे ती थांबल्यावर कळलं.

मग पाचोळा वाजला. गवा असेल, वाटलं.
पण गवा खोकत नाही.

"तुझी पण गेली?"
"गेली."
"काय करूलालास हितं?"
"बघूलालो, तुझी गेली का."

अकरा वर्षांनी एवढंच.
मग कुणीतरी काडी ओढली, बंदी असताना.
विडीचे दोन ठिपके, बांधावर, जवळजवळ.
बुडाखाली दगड की तार, दिसत नव्हतं.

आठ-दहा. फोन वाजला.
एका काडीची रेंज. "लाइन क्लिअर?"
आणि तुटला.

हँडलवर हात ठेवून मी उभा.
मनात आलं, तिकडं, जिथं खरं हँडल आहे,
तिथं जो कोण बसला असेल त्याला बांध दिसतो का?
विडीचा ठिपका दिसायची काही सोय आहे,
की नुसता एक आकडा,
सहासारखा, किंवा नऊसारखा?
आणि त्याला थांबायला किती मिनिटं देतात?

मला कुणी दिली नव्हती. मी घेतली.
हाक मारली नाही. मारली असती तर उठले असते.

फोन दोनदा वाजला, दोनदा तुटला.
विड्या विझल्या. एक पाचोळा इकडं गेला, एक तिकडं.
मग सोडला करंट. गाव आलं.
गुणगुण आली, दोन्ही अंगांनी.

वहीत लिहिलं: उशीर, एकवीस मिनिटं.
कारणाच्या रकान्यात
कानडीत काय लिहावं सुचेना.
मराठीतही.