शेणींची वही

पंचगंगेच्या स्मशानात माझं टेबल.
वहीच्या उजव्या पानावर माणसं,
डाव्या पानावर शेणी.

वर्षभर डावं पान तसं मुकंच.
महापालिकेनं घेतलेल्या मालाचा एक आकडा,
खाली माझी सही.
होळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र
फाटकापासून रांग लागते:
टेम्पो, हातगाडे, रिक्षाच्या मागच्या सीटवर पोती.
यंदा एका पोरानं सायकलच्या कॅरिअरला
सुतळीनं बांधून अकरा आणल्या.
दोन गंगावेशीत फुटल्या.
"नऊच लिवा काका."
नाव विचारलं.
"माझं कशाला? तालमीचं लिवा. चिंचेची तालीम."

चिंचेच्या तालमीला चिंच नाही.
ईश्वरा वस्ताद सांगतात,
कुठल्याशा शिमग्याला ती
पोरांनी रातोरात उतरवली.
पोरांत तेही होते, एवढं ते सांगत नाहीत.
त्या रात्री जाळ तिसऱ्या मजल्याला भिडला,
विजेच्या तारा वितळल्या,
पेठ दोन दिवस अंधारात,
आणि नाव मात्र गावभर झालं.
"नाद करायचा न्हाई कुणी,"
म्हणताना आवाज फुलतो वस्तादांचा,
मग त्यावर हळूहळू राख धरते.
सकाळी म्हणे बगळे
चौकात चालत फिरत होते,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यांसारखे.
तिथलं डांबर अजून खोलगट आहे.
पाऊस पडला की पाणी साठतं,
गोल,
बुंध्याएवढं.

यंदा तालमीत तासभर भांडण झालं.
शेवटी ठरलं: पाच शेणी, एरंडाची एक फांदी,
बाकी सगळं स्मशानाला.
"ही काय होळी? हिच्यावर च्या तरी उकळंल का?"
कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले,
पण बोंब पुरी मारली.
बोंबेला लाकूड लागत नाही.

शेणी मोजताना हाताला हात लागतात.
वडणग्याच्या बनूबाई चौगुल्यांची थाप मी ओळखतो:
पाच बोटं, करंगळी जरा वाकडी.
यंदा त्या थापेशेजारी एक लहान पंजा.
नात शिकत असेल.
एक शेणी मी उगाच
माझ्या पंजाला लावून बघितली.
जाणाऱ्याला शेवटी कुणाचा हात लागतो,
हे घरच्यांना कुठं ठाऊक असतं.

मी भाबडा नाही.
धूर तो धूरच.
चौकात निघाला असता, इथं निघतो,
थोडा उशिरा, थोडा रडून,
आणि त्याच नदीवरून पलीकडं जातो.
पाच दिवसांनी रंगपंचमीला हीच पोरं
टँकर मागवतील, डॉल्बी लावतील,
माझ्या खिडकीची काच दातांसारखी वाजेल,
गटारं रंगीत तोंडानं नदीला मिळतील.
त्याला माझ्या वहीत पान नाही.
एवढंच, की कोपऱ्यावरचा लिंबारा
याही वर्षी उभा आहे,
आणि आपण वाचलो हे
त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आषाढात, नदी पायऱ्या गिळत वर येत असताना,
एक जण आणला पोलिसांनी.
पुलाखाली सापडलेला.
उजव्या पानावर लिहिलं: अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ.
लाकूड भिजून फुगलेलं, पेट घेईना.
मी शेडमधून शेणी काढायला लावल्या.
कोपऱ्यात सुतळीनं बांधलेल्या नऊ तशाच होत्या.
वरच्या थराला त्या लावल्या.
सुतळी सोडून खिशात ठेवली,
का ते सांगता येत नाही.

परतताना चौकात पाणी साठलं होतं.
रस्ता मोकळा, मागंपुढं कुणी नाही.
तरी मी सायकल वळवून घेतली,
तिथं झाड असल्यासारखी.